मधोमध लागलेली गोळी

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान चष्मेवाले. गल्लीत सगळे त्यांना 'नंबरवाले' म्हणत, मी भावजी म्हणे. दुकान बोळासारखं लांबट, तरी डोळे तपासायला लागतं तेवढं लांब नव्हतं. म्हणून अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलेला आणि समोर आरसा. माणूस आरशात बघून वाचायचा. कोपऱ्यात काच घासायचं चाक होतं आणि दिवसभर त्याचा दातांत शिरणारा आवाज. भावजींना तो ऐकूच येत नसे. एखादी काच फ्रेममध्ये नीट बसली नाही तर तेवढी मात्र त्यांना लगेच कळे.

प्रत्येकाचा नंबर ते तीनदा काढत. "पहिल्यांदा माणूस घाबरून सांगतो," ते म्हणत, "दुसऱ्यांदा हुशारी करून सांगतो, तिसऱ्यांदा खरं सांगतो." हीच तऱ्हा घरात. मिक्सर घ्यायला गेले की दुकानदार आधी चहा मागवायचा आणि नंतर मागवलेल्या चहाचा पश्चात्ताप करायचा. ताईला बघायलासुद्धा हा माणूस तीनदा आला होता. तिसऱ्या वेळी आईने मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "ह्यांना पोरगी पसंत आहे की आमच्या घरचा सोफा?" मी वर्षानुवर्षं त्यांची टर उडवली. आता उडवत नाही. तीनदा बघणाऱ्या त्या माणसाने एकच गोष्ट एकदा पाहिली आणि सोडून दिली, आणि नेमकी तीच.

रविवारी दुकान बंद, आणि भावजी नेमबाजीच्या क्लबात. स्वतः बेताचेच नेमबाज. त्यांना गोळी मारण्यापेक्षा ती कुठे लागली आणि तिथेच का लागली याचं वेड. खरा हात होता त्यांच्या मुलीचा. आम्ही तिला बारकी म्हणायचो. पुढे ती माझ्यापेक्षा वीतभर उंच झाली तरी नाव तेच राहिलं. क्लबाच्या सगळ्यांनी वापरून झिजलेल्या रायफलवर ती इतकं नेमकं मारायची की तिचे सर एक दिवस दुकानात येऊन म्हणाले, "पोरीला निवड चाचणीला उतरवायचं असेल तर तिला तिची स्वतःची बंदूक हवी. दुसऱ्याचा चष्मा लावून कुणी वाचतं का?" हे वाक्य भावजींना थेट जाऊन लागलं.

मग काय, बंदूक बघणं सुरू झालं. ही रायफल म्हणजे लहान गोळीची, कागदी टार्गेटवर मारायची. त्या गोळीला ठिणगी पाडणारी टोपी वेगळी नसते. गोळीच्या बुडाच्या कडेवर टोला बसला की ती उडते. इतकं मला पाठ झालं, कारण त्या दिवसांत ताईकडे जेवताना दुसरा विषयच नव्हता. ताई एकदा म्हणाली, "पोरीचं लग्न ठरवताना एवढी चौकशी केलीत तरी मी धन्य होईन."

शेवटी तीन बंदुका उरल्या. एक परदेशी, नवीकोरी, डोळे पांढरे होतील अशी महाग. दुसरी नवीच, पण साधी. तिसरी जुनी. क्लबातले एक म्हातारे विजेते, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, त्यांचा हात आता थरथरायला लागला होता आणि ते आपली रायफल देऊन टाकणार होते. ज्या कंपनीने ती बनवली ती केव्हाच बंद पडलेली. पण नळी अशी, की उस्तादांनी तिच्या जोरावर अर्धं कपाट भरून ढाली मिळवल्या होत्या. त्यांनी सांगितलेला भाव महागड्या बंदुकीच्या किमतीचा जेमतेम तिसरा हिस्सा.

"भावजी, सरळ नवी घ्या ना," मी म्हटलं. "पैसा काय वर घेऊन जाणार आहात?"

"पैशाचा प्रश्न नाही गं," ते म्हणाले. "महाग म्हणजे नेमकी, असं कुणी सांगितलं? माझ्या दुकानात महाग फ्रेमा बघतेस ना? त्यांतून लांबचं काही जास्त दिसत नाही. आपण नळी विकत घेतोय, बाकी सगळं लाकूड आणि मिरवणूक."

बंदूक पारखायची त्यांची रीत मला पटली, हे कबूल केलं पाहिजे. क्लबाच्या मागच्या खोलीत एक लोखंडी शिकंजा होता, जमिनीत घट्ट बसवलेला. त्यात बंदूक आवळायची. म्हणजे माणसाचा श्वास, थरथर, भीती सगळं वजा होतं आणि उरते नुसती बंदूक. एकाच पेटीतल्या गोळ्या, पुन्हा पुन्हा कार्डं, म्हणजे ती कागदी टार्गेटं. भोकं जितकी एकमेकांना चिकटून, तितकी बंदूक नेमकी. "विकणारा आपल्याला त्याचं सगळ्यात चांगलं कार्ड दाखवतो," भावजी सांगत. "आपण सगळ्यात वाईट कार्ड मागायचं. चाचणीच्या दिवशी पोरीच्या वाट्याला कुठलं येईल कुणास ठाऊक."

त्या दिवशी मीही गेले होते, गाडी माझी म्हणून. खोलीत तेलाचा आणि जळक्या दारूचा वास. खिडक्या नव्हत्या, समोरच्या भिंतीतल्या लांबट झरोक्यातून टार्गेटकडे बघायचं. क्लबाचा मिस्त्री गोळ्या भरत होता. गोळी सारली की मागची मुठीची दांडी, तिला ते बोल्ट म्हणत, पुढे ढकलून खाली वळवायची, म्हणजे नळी मागून बंद होते, आणि मगच चाप ओढायचा. उस्ताद खुर्चीवर काठी धरून बसले होते. बारकी आणि तिचे सर दुर्बिणीशी, पाठ आमच्याकडे. महागड्या बंदुकीची कार्डं सुरेख आली. साधीची बरी. मग उस्तादांची बंदूक शिकंजात आवळली आणि भोकं एकात एक पडायला लागली. तिचं सगळ्यात वाईट कार्डसुद्धा महागडीच्या तोडीस तोड होतं. भावजींचा चेहरा असा फुलला होता की ताईच्या लग्नातल्या फोटोतही तो तसा नाही.

"फक्त बोल्ट हळू लावत जा," उस्ताद मागून म्हणाले. "तिला हळू हाताची सवय आहे."

आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचा जीव अडकलाय बंदुकीत. 

शेवटच्या कार्डाची गोळी मिस्त्रीने आत सारली. भावजींनी बोल्ट पुढे ढकलून खाली वळवला, आणि बंदूक वाजली. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बंदूक म्हटली की ती वाजणारच, एवढीच माझी समज. पण भावजी दचकले. त्यांचा उजवा हात अजून बोल्टच्या मुठीवरच होता आणि ते त्या हाताकडे बघत होते.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "गेली."

तेवढ्यात दुर्बिणीवरून बारकी ओरडली, "बाबा, त्याच भोकात! मधोमध!" सरांनी टाळी वाजवली. मिस्त्री हसून म्हणाला, "हिला सांगावंही लागत नाही." आणि सगळ्यांबरोबर भावजीही हसले. सौदा झाला.

त्यांच्या मनात तेव्हा काय आलं ते मला पुढे कळलं. गोळी इकडेतिकडे गेली असती, तर त्यांनी तिथल्या तिथे सगळं थांबवलं असतं, मिस्त्रीला बंदूक उघडायला लावली असती, तीनदा तेच करून पाहिलं असतं. पण गोळी मधोमध गेली. नेमकेपणा शोधायला आलेल्या माणसाला नेमकं लागल्यावर काय विचारायचं असतं? बोल्ट वळवताना बोट घसरून चापाला लागलं असेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. शिकंजात आवळलेल्या बंदुकीची गोळी दुसरीकडे जाऊच शकत नव्हती, ही साधी गोष्ट त्या हुशार माणसाला सुचली नाही.

बंदूक क्लबातच कुलपात असायची, तसा नियम. बारकी रोज शाळा सुटल्यावर तिकडे. पहिले काही आठवडे दुधात साखर. मग एक दिवस ती घरी आली ती तोंड पाडून.

"बाबा, आज एक गोळी लवकर गेली. बोल्ट लावून मी बंदूक नुकतीच उचलत होते, निशाणावर पोचलेच नव्हते."

"बोट आधीच चापावर ठेवलं असशील," भावजी म्हणाले. "हलका चाप आहे. बोटाला शिकव."

आणि त्यांनी तिला शिकवलं. जेवणाच्या टेबलाशी बसून दोघं बोटाचा व्यायाम करायचे. बोट चापाबाहेर, श्वास, बोट आत, थांब, आता. ताई पोळ्या वाढायची आणि बारकीचं बोट तिकडे हवेत वाकत असायचं. मी हसायचे. पण आणखी एकदा गोळी लवकर गेली, मग आणखी एकदा. दर वेळी ती घरी येऊन स्वतःच सांगायची, "बाबा, आज पुन्हा माझं बोट चुकलं." भावजी विचारायचेसुद्धा नाहीत, तीच सांगून टाकायची. पोरगी आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडे असं बघायला लागली होती की जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे. मला ते बघवत नसे. एकदा मी म्हटलंही, "अहो, पोरीचं बोट तुमच्या त्या जुन्या बंदुकीपेक्षा नक्की नवं आहे."  त्या रात्री भावजींचं जेवणात लक्ष नव्हतं, असं ताईने नंतर सांगितलं.

मला वाटतं, तेव्हा त्यांना कळायला लागलं होतं. कळत होतं आणि ते त्याकडे कानाडोळा करत होते. चाचणी तोंडावर आलेली. बंदूक बदलायची म्हणजे पोरीचा बसलेला हात मोडायचा. आणि कार्डं अजूनही तशीच सुंदर येत होती. ती कार्डं त्यांनी दुकानात आरशाच्या कडेला खोचून ठेवली होती. गिऱ्हाइकाला विचारावं लागे, वाचू काय, अक्षरं की भोकं?

चाचणीच्या आधीच्या सरावाच्या दिवशी ते झालं. उभ्याने मारायचं होतं. बारकीच्या डाव्या हाताला तिची मैत्रीण, जिला क्लबात सगळे चिमणी म्हणत. दोघी लहानपणापासून एकत्र, एकमेकींचे डबे खाणाऱ्या. दोघींचे नेमबाजीचे चष्मे भावजींनीच केलेले. उजव्या डोळ्याला काच आणि डाव्या डोळ्यासमोर नुसती पांढरट पट्टी, म्हणजे तो डोळा उघडा राहूनही मध्ये येत नाही. बारकीने बंदूक घेतली, गोळी सारली, बोल्ट लावला. नळी खाली होती आणि किंचित डावीकडे. बंदूक वाजली. गोळी समोर दुर्बीण ठेवायच्या लोखंडी तिवईच्या पायावर आपटून फुटली, आणि शिशाचा एक कण ती पांढरी पट्टी भेदून चिमणीच्या डाव्या डोळ्यात गेला.

मी हॉस्पिटलात पोचले तेव्हा भावजी व्हरांड्यात भिंतीला टेकून उभे होते. चिमणीची आई बाकावर बसली होती. तिने त्यांचा हात धरला आणि विचारलं, "नंबरवाले, तुम्हाला डोळ्यांतलं कळतं. तुम्ही सांगा, दिसेल ना तिला?" आतले डॉक्टर अजून काही बोलले नव्हते. पण भावजींनी चिमणीला गाडीतून आणताना तो डोळा पाहिला होता.  भावजींनी तिच्या हातातून हात सोडवून घेतला नाही, पण उत्तरही दिलं नाही, आणि त्या बाईला उत्तर मिळालं. ती ओरडली नाही. बाकावर जरा बाजूला सरकली, एवढंच.

बारकी जिन्यात बसली होती. मी तिला जवळ घेतलं तर ती म्हणाली, "मावशी, माझं बोट." 

क्लबात चौकशी बसली. सर, दोन-तीन जाणती माणसं आणि मिस्त्री, त्याच मागच्या खोलीत. बारकीला विचारलं तर ती सरळ म्हणाली, "बोट आधी आत गेलं. माझं जातं तसं." तेव्हा भावजी उठले. मी त्यांना इतक्या मोठ्याने बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

"तिचं बोट बाहेर होतं," ते म्हणाले. "ही बंदूक बोल्ट लावला की आपोआप उडते. माझ्या हातात उडाली होती. ह्याच शिकंजात, घेतली त्या दिवशी. मला माहीत होतं. मी बोललो नाही."

 माझ्या डोळ्यांसमोर त्यांचा तो मुठीवरचा हात आला, आणि मी म्हटलं की हो, मी पाहिलंय, ते दचकले होते. सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, कीव होती. मेहुणी काय, भावजींच्याच बाजूने बोलणार.

"मग दाखवा," सर म्हणाले. "बघू या."

बंदूक शिकंजात आवळली. भावजींनी बोल्ट लावला. काही नाही. पुन्हा लावला, जोरात. काही नाही. हळू लावला, तिरका लावला, आपटून लावला. ते काढत होते आणि लावत होते, काढत होते आणि लावत होते, कपाळावर घाम, चष्मा नाकावर घसरलेला, आणि ती बंदूक एखाद्या गरीब गाईसारखी गप्प पडून होती. तीनदाच काय, मोजता येणार नाही इतक्या वेळा. मी मनातल्या मनात तिला शिव्या देत होते. उड गं बये, एकदा उड. बाकीचे आधी बघत होते, मग एकमेकांकडे बघायला लागले, आणि शेवटी कुणीच बघेना. मिस्त्रीने चाप उघडून बघितला. "घोडा अडवणारी कड झिजलीय थोडी," तो म्हणाला, "पण धरते." उस्तादांना निरोप धाडला होता. ते आजारी होते. त्यांनी कळवलं की माझ्या हातात तिने कधी असं केलं नाही.

शेवटी सरांनी भावजींच्या खांद्यावर हात ठेवला. "बस करा आता," ते अगदी मायेने म्हणाले. "बापाचं काळीज आम्हाला कळतं. मीही हेच केलं असतं." भावजींनी तो हात झटकला. उस्तादांचं वाक्य सांगितलं, लवकर गेलेल्या गोळ्या सांगितल्या, शिकंजातल्या बंदुकीचं सगळं गणित सांगितलं. ते जितकं समजावून सांगत गेले तितकं ते बनवल्यासारखं वाटत गेलं. मला खरं माहीत होतं, तरी मलासुद्धा क्षणभर तसं वाटलं, आणि माझी मलाच भीती वाटली. निकाल लागला: मुलीचा निष्काळजीपणा. कडक शब्द न वापरता, सांभाळून लिहिलेला, त्यामुळे जास्तच खरा वाटणारा.

घरी आलो. ताईने चहा ठेवला होता, कुणी घेतला नाही. भावजी टेबलाशी बसले होते, हात समोर पालथे टाकून. बोल्ट ओढून ओढून उजव्या तळव्याची कातडी सोलवटली होती. बारकी आतून औषधाची ट्यूब घेऊन आली आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसून हळूहळू मलम लावायला लागली. कितीतरी दिवसांनी ती कुणाजवळ अशी आपण होऊन येऊन बसली होती. मला वाटलं, आता सुटेल. एवढ्या लोकांनी मानलं नाही तर नाही, पोरीने तरी ऐकलंय, तिला तरी कळलंय. माझा जीव भांड्यात पडायच्या बेतात होता.

"बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज शांत होता, मोठ्या बाईसारखा. "तुम्ही कधीच खोटं बोलत नाही. गिऱ्हाइकाशीसुद्धा नाही. आज माझ्यासाठी एवढ्या लोकांसमोर बोललात."

भावजींनी मान वर केली. "खोटं नव्हतं गं ते, बाळा. खरंच उडाली होती. तुझं बोट—"

"माझं बोट मला माहीत आहे ना, बाबा. तुम्हीच नाही का शिकवलंत?" तिने ट्यूबचं झाकण लावलं आणि त्यांच्या हातावर हलकेच फुंकर घातली. "पण तुम्ही बोललात, ते मी कधी विसरणार नाही."